लख्ख उन्हातलं धुकं

६ नोव्हेंबर

प्रिय ढब्ब्या,

पत्र पाठवायला दीड महिना लावलास. आई रोज विचारते आणि मी रोज पोस्टमनच्या नावाने खडे फोडते, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना. आधी एक गोष्ट पुन्हा सांगते, कारण मागच्या वेळी तू विसरलास. आईला आता कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. तुझं पत्र मी तिच्या उशाशी बसून ओरडून वाचते आणि या दोन खोल्यांच्या भिंती अशा, की पलीकडची शिंपीण, समोरचा रिक्षावाला, सगळ्यांना ते आपोआप ऐकू जातं. तुझ्या बायकोचं घरमालकिणीशी झालेलं भांडण आख्ख्या गल्लीला पाठ आहे. तेव्हा माझ्यापुरतं काही असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहीत जा. फोन मात्र आईला नको. म्हणते, फोन उशीखाली ठेवता येत नाही.

विमानतळाचं विचारलंस. विमान आठवड्यातून तीनदा येतं, दुपारी. आलं की आईच्या पलंगाची लोखंडी कड थरथरते, पेल्यावरचं झाकण वाजतं. ती कडेवर हात ठेवून "उतरलं" म्हणते. शाळेतले मास्तर वाक्य अर्धं सोडून उभे राहतात आणि पोरं तेवढ्यात एकमेकांच्या वहीत बघून घेतात. शहराचं सोनं होणार होतं ना? चौकातलं मोठं हॉटेल बंद पडलं, तिथे आता फरशांचं दुकान आहे. बाहेर रिक्षा इतक्या आणि उतरणारे इतके थोडे, की बॅग एक रिक्षावाला ओढतो आणि प्रवासी दुसरा. आपल्या मागच्या भिंतीला तडा गेलाय, त्यात आता माझं बोट जातं.

आपल्या रोपवाटिकेची जागा तशीच पडून आहे. धुक्यातही विमान उतरवणारे दिवे तिथे बसवायचेत म्हणून घाईघाईने घर पाडलं, बाबांची कलमं उपटली. दिवे अजून गोदामात पेट्यांमध्ये आहेत. जागेवर काटेरी झुडपं माजलीत, आणि त्यांना पाणी घालावं लागत नाही.

माझं ठीक चाललंय. चौकशीच्या काउंटरवर बसते. निळा कोट असतो. कधी कधी घोषणाही मीच करते. आईला त्या ऐकू येत नाहीत, पण तो आवाज माझा आहे हे तिने गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आता खरं कारण. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, मुलाला बोलावून घ्या, लांबवू नका. जागेच्या कागदावर सही करायला आई तयार नव्हती, तेव्हा तू म्हणाला होतास, "आई, विमान सुरू झालं की मी दुपारी निघेन आणि चहाला तुझ्यासमोर बसेन." तेवढ्या एका वाक्यावर तिने सही केली. विमान सुरू होऊन दोन वर्षं झाली. चहा कधीच गार झाला.

तुझी ताई

१७ नोव्हेंबर

ताई, तुला नमस्कार, आणि तू हे ओरडून वाचणार असल्यामुळे गल्लीतल्या सर्वांनाही नमस्कार!

आई, मी येतोय. बावीस डिसेंबरचं तिकीट काढलंय. रजा मंजूर आहे, साहेबांना सांगून टाकलंय की या वेळी आभाळ कोसळलं तरी जाणार. तू नुसती कडेवर हात ठेवून बस. पेल्याचं झाकण वाजलं की समज, मी आलो.

ताई, ऑफिसात मी सगळ्यांना सांगतो, आमच्या शहराला विमानतळ आहे आणि माझी बहीण तो चालवते. हसू नकोस. तुला त्या निळ्या कोटात बघायचंय. लहानपणी शाळेत प्रार्थना सांगायला तू पुढे उभी राहायचीस तशीच दिसत असशील, नाक वर करून.

तुमचा ढब्ब्या

(चिठ्ठी, फक्त ताईसाठी) आईचं इतकं झालंय हे आधी का नाही कळवलंस? ताई, एक सांगतो. सही मी करायला लावली. घर पाडलं त्या दिवशी बाबांची पाणी घालायची झारी त्या यंत्राखाली चेपलेली मी पाहिली आणि काही बोललो नाही. घरटी एक नोकरी देणार होते, ती तुला नीट मिळाली, मानाची मिळाली, एवढाच मला आधार आहे. तेवढ्यावर मला झोप लागते. ती नसती तर मी कुठल्या तोंडाने घरी आलो असतो?

१३ डिसेंबर

प्रिय ढब्ब्या,

तुझं पत्र आईने मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. आता रिक्षावालासुद्धा मला विचारतो, "ताई, बावीसला ना?" तो तुझी बॅग फुकट ओढणार आहे. शिंपिणीने आईचा नवा ब्लाउज शिवलाय आणि तो मापात बसत नाही म्हणून दोघी भांडल्याही. आई इतकी आटलीय की जुनं माप चालत नाही, हे शिंपिणीला कोण सांगणार?

सहीचं मनाला लावून घेऊ नकोस. झालं ते झालं.

परवा विमानतळावर एक गंमत झाली. विमानातून एक गृहस्थ उतरला, थोडा वेळ हॉलमध्ये बसला, मग उठला, काउंटरवर गेला आणि त्याच विमानाने परत जायचं तिकीट काढून निघून गेला! मी तेव्हा आत होते, काउंटरवरच्या दुसऱ्या मुलीने सांगितलं. दारावरचा सुरक्षारक्षक, ज्याला आम्ही मिशीवाला म्हणतो, तो म्हणाला, "आपलं शहर दारातूनच बघून घाबरला असेल." दिवसभर आम्ही हसत होतो.

तो खुर्चीखाली एक गुलाबाचं रोप विसरून गेला. काळ्या पिशवीत, नीट बांधलेलं कलम. मिशीवाला ते कचऱ्यात टाकायला निघाला होता. रोपवाटिकेत वाढलेल्या माणसाच्याने ते बघवत नाही. मी घरी आणलं आणि आईच्या उशाशी ठेवलं. ती कलमाच्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. बाबांची आठवण आली असेल.

बावीसला मी कामावर नसेन, दारातच उभी असेन. काउंटरवर शोधत बसू नकोस.

तुझी ताई

२४ डिसेंबर

ताई आणि आई,

काय सांगू, नशीबच खोटं. बावीसला सगळी तयारी करून विमानतळावर गेलो. बॅगही आत गेली होती. आणि तुमच्याकडे दाट धुकं आहे म्हणून विमान रद्द झालं. चार तास बसून परत आलो. आई, तू वाट बघत राहिली असशील. पण धुक्यापुढे कोणाचं काय चालतं? ऑफिसात वर्षअखेरीचं काम निघालंय, जरा ते निपटलं की पुन्हा तिकीट काढतो. औषधं वेळेवर घे.

तुमचा ढब्ब्या

ता. क. ते रोप आईच्या खोलीत ठेवू नका. मातीत किडे असतात. कोणा परक्याची वस्तू घरात कशाला?

४ जानेवारी

ढब्ब्या,

तुझं पत्र ओरडून वाचलं. वाचावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. "दाट धुकं" म्हणताना मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. शिंपिणीचं मशीन थांबलेलं ऐकू आलं. बावीसला ऊन इतकं लख्ख होतं की तिने घरातल्या सगळ्या गाद्या बाहेर काढून वाळत घातल्या होत्या.

विमान आलं, ढब्ब्या. झाकण वाजलं. आईने "उतरलं" म्हणून केस सारखे केले आणि तो न बसणारा ब्लाउज घालून दाराकडे तोंड करून बसली. हे मला शिंपिणीने सांगितलं. मी तिकडे दारात होते. शेवटचा प्रवासी बाहेर पडला, त्याच्यामागून वैमानिकही आला, मग मिशीवाल्याने दार लावून घेतलं. निदान पोट बिघडलं म्हणायचंस. विमान आलं की नाही हे जिला डोळ्यांनी दिसतं, तिलाच धुकं सांगतोस?

पण हे काहीच नाही. पत्र वाचून झाल्यावर आई म्हणाली, "त्या कलमाची पट्टी बघ." मी म्हटलं, काय बघू? म्हणाली, "उलटी खोचलीय. डाव्या हाताची आहे." बाबा डावखुरे होते, आणि तू डावखुरा. घर पाडायच्या आदल्या दिवशी तू पिवळ्या गुलाबाच्या काड्या कापून नेल्या होत्यास, हे मी साफ विसरले होते. ती विसरली नव्हती. रोप आलं त्या दिवसापासून तिला माहीत होतं. तरी बावीसला नटून बसली, कारण तू येतो म्हणाला होतास.

"आला होता तर घरी का नाही आला?" असं ती विचारते. दिवसातून कितीदा विचारते, मी मोजायचं सोडलं. मी काय सांगू? मला राग येतो आणि पाठोपाठ भीती वाटते. एकाच प्रश्नाचं उत्तर दे, चिठ्ठीवर दे, गल्लीला ऐकवू नकोस. त्या दिवशी हॉलमध्ये तू कुठे बसला होतास?

ताई

१५ जानेवारी

(चिठ्ठी, फक्त ताईसाठी; आईसाठीचं पत्र सोबत आहे, त्यात हवापाण्याच्या गप्पा आहेत)

खिडकीच्या रांगेत, त्या प्लास्टिकच्या झाडाच्या कुंडीशेजारी. समजलं आता?

तुम्हाला न सांगता आधी यायचं, चकित करायचं, असा बेत होता. विमानात शेजारी एक कारखानदार होता. सगळ्या वाटेने मी त्याला सांगत आलो, माझी बहीण इथे मोठ्या कामावर आहे. तो म्हणाला, मग ओळख करून द्या, माझ्या मालाची काही अडचण आहे. आम्ही हॉलमध्ये बसून तुझी वाट बघत होतो. कोणाचं तरी पोर ओकलं. मुकादम ओरडला, "ए बाई, इकडे राहिलं!" आणि तू बादली घेऊन आलीस. गुडघ्यावर बसलीस. वर न बघता म्हणालीस, "साहेब, जरा पाय उचला."

मी उचलले.

कारखानदाराने विचारलं, "बहीण कुठाय तुमची?" मी म्हटलं, आज रजेवर दिसते. मग तो गेला. तू लांब कोपऱ्यात त्या प्लास्टिकच्या पानांवरची धूळ पुसत होतीस. बाबांच्या मुलीने प्लास्टिकची पानं पुसावीत! मला बसवेना. उठलो आणि तिकीट काढलं.

आता तू मला जाब विचारतेस? आणि तू काय केलंस? निळा कोट, चौकशी, घोषणा! दोन वर्षं मला थापा मारल्यास, आणि मी त्यांच्यावर सुखाने झोपलो. धुक्याचं लिहिताना मला माहीत होतं की तुला खरं कळणार. मला वाटलं, तुझं काउंटर मी मुकाट्याने मानून घेतलं, तसं माझं धुकं तू मानून घेशील. तेवढं तरी करायचंस. मी तिथे काय करायला हवं होतं, तूच सांग.

२७ जानेवारी

ढब्ब्या,

पाय उचलायचे नव्हते. एवढंच करायचं होतं. उचलले नसतेस तर मी वर बघितलं असतं.

मला ते बूट आठवतात. तपकिरी, नवे. मी मनात म्हटलं, बरा माणूस आहे, लगेच उचलले. बाकीचे तर पेपर वाचत बसतात.

थापा मारल्या, कबूल. नोकरीच्या कागदावर "प्रवासी सुविधा" लिहिलं होतं. पहिल्या दिवशी ठेकेदाराने हातात फडकं दिलं आणि म्हणाला, हीच सुविधा. त्या रात्री तुला पत्र लिहायला बसले तर काय लिहू? तू तिकडे स्वतःला खात बसला असतास. म्हणून तुला एक कोट शिवून दिला. बावीसला तर काउंटरवरच्या मुलीचा खरा कोट मागून, घालून दारात उभी होते. खांद्यात घट्ट होता. विमान रिकामं झाल्यावर तिने तो परत मागितला, आणि मी तिथेच काढून दिला.

आणि ज्या आईसाठी आपण हा सगळा खेळ केला, तिला काय म्हणतोस? काल तिने माझा हात नाकाशी नेला आणि म्हणाली, "दोघंही माझ्याच पोटचे आणि दोघंही खोटारडे. एकीच्या हाताला फिनेलचा वास येतो आणि दुसऱ्याला उन्हात धुकं दिसतं." आणि हसली रे. खूप दिवसांनी. हसता हसता धाप लागली, मग मला रडू आलं.

म्हणाली, त्याला लिही, मला कोणाचा मोठेपणा नको, काउंटर नको. त्याचं तोंड दाखव.

मी तुझ्यावर चिडलेली आहे आणि चिडलेलीच राहीन. ते आपण नंतर बघू. आता पत्र लिहू नकोस. निघ. विमानाने ये, बसने ये, कसाही ये. डॉक्टर आता बाहेर बोलावून बोलत नाहीत, तिच्यासमोरच बोलतात.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

फोनवर तू एवढंच म्हणालीस की आई गेली, आणि ठेवलास. मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र आलं तेव्हाच निघायला हवं होतं. महिनाअखेर, रजा, साहेब, असं करत आठवडा घालवला. ते माझं. त्याला काही सबब नाही.

पण फोन आल्यावर मी पहिलं विमान धरलं. ताई, मी त्या विमानात होतो. तुम्ही माझ्यासाठी थांबणार होता, मला माहीत होतं. खिडकीला डोकं लावून बसलो होतो. खाली सगळं पांढरं. विमान फिरत राहिलं, मग पुन्हा एकदा खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. वैमानिकाने सांगितलं, धुकं आहे आणि या विमानतळावर धुक्यात उतरायचे दिवे नाहीत. मी हवाई सुंदरीला म्हटलं, माझी आई खाली आहे. तिने पाणी आणून दिलं. आम्हाला परत नेलं. तिथून बस धरली, पण मी पोचेपर्यंत काही उरणार नव्हतं. अर्ध्या वाटेत उतरलो. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

तू यावर विश्वास ठेवणार नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता.

ढब्ब्या

२६ फेब्रुवारी

ढब्ब्या,

माझा विश्वास आहे. मी खालून ऐकत होते.

तुझ्यासाठी दुपारपर्यंत थांबलो. धुकं सकाळपासून विरलंच नव्हतं. मग लोक कुजबुजायला लागले आणि आम्ही आईला घेऊन निघालो. विमानतळाच्या कुंपणाच्या कडेचा रस्ता, तुला ठाऊक आहे. आपल्या जागेपाशी पोचलो आणि वर आवाज आला. सगळे थांबले. मान वर करून बघतो तर काहीच नाही, नुसता आवाज, डोक्यावरून जातो आणि परत येतो. एकदा इतका खाली आला की मला वाटलं, उतरलं. सवयीने मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग आवाज लांब गेला. मिशीवाला माझ्या शेजारी होता. हळूच म्हणाला, "फिरवलं."

ते दिवे बसवले असते तर काटेरी झुडपं आहेत तिथून त्यांची रांग सुरू झाली असती, बाबांच्या गुलाबांच्या वाफ्यापासून. त्या दिव्यांसाठी आपण घर दिलं. दिवे त्या क्षणी गोदामात पेट्यांमध्ये होते, मी रोज त्या पेट्यांवरची धूळ झटकते. हे कोणाला जाऊन विचारू?

पुढच्या महिन्यापासून विमान बंद होतंय. कंपनीला परवडत नाही म्हणे. मला मात्र ठेवलंय. वरून कोणी पाहणीला आलं तर रिकामा हॉल चकचकीत दिसला पाहिजे. तुझं कलम जगलं नाही. वरची काडी वाळली आणि खालून रानटी फुटवे आलेत. मी ते कापत नाही.

राग गेलेला नाही. तू बसमधून अर्ध्या वाटेत उतरलास ते मी विसरणार नाही.

एक गोष्ट तेवढी सांगते. गल्लीत सगळे विचारतात, मुलगा आला नाही? मी सांगते, येत होता, धुक्यामुळे विमान परत गेलं. शिंपीण त्या दिवशी त्याच धुक्यात माझ्याबरोबर चालत होती. तो आवाज तिनेही ऐकला. तरी ती "हं" म्हणते आणि मशीन सुरू करते. रिक्षावाला नजर चुकवतो. त्यांचं काय चुकलं? तुझं डिसेंबरचं पत्र मी त्यांच्यासमोर ओरडून वाचलंय, लख्ख उन्हात, आणि ते त्यांना पाठ आहे.

तुझं हे पत्र आलं तेव्हा मी सवयीने पलंगाशी जाऊन बसले. उघडलं, घसा साफ केला, आणि मग लक्षात आलं. मनातल्या मनात वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं. या एका पत्रात सगळं खरं होतं, आणि ते गल्लीत कोणालाच ऐकू गेलं नाही.

ताई